पीपीआर आणि रक्ताचा फसवा आकडा: सिंधुदुर्गातल्या एका कळपाचं प्रकरण

पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना होणारा विषाणूचा साथीचा रोग, झालेल्या शेळीच्या रक्ताचा अहवाल हातात आला की आधी दोन गोष्टी विचाराव्यात. रक्त आजाराच्या कितव्या दिवशी काढलं? आणि काढलं तेव्हा जनावराच्या अंगात पाणी किती उरलं होतं? याची उत्तरं माहीत नसतील तर त्या कागदावरून उपचार ठरवू नयेत. सिंधुदुर्गातल्या एका कळपात हे फार जवळून बघायला मिळालं. कोकणात शेळ्या पाळणाऱ्यांना आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या सहकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो आहे. गावाचं आणि कुटुंबाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

कळप कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका वाडीतला. तेवीस शेळ्या, बहुतेक कोंकण कन्याळ: लांब रुंद लोंबते कान, नाकपुड्यांपासून कानांपर्यंत चेहऱ्यावर दोन पांढरे पट्टे, उंच पाय, आणि इथला पाऊस सोसण्याची ताकद. गोठा जांभ्याचा, उतरत्या कौलांचा, पावसाळ्यात तीन बाजूंनी झापांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, बंद केलेला. सांभाळणाऱ्या काकी साठीच्या पुढच्या, बाजारहाट मुलाकडे. गणपती विसर्जन झाल्यावर मुलाने घाटावरच्या बाजारातून दोन बोकड आणले, एक पैदाशीसाठी आणि एक पुढे विकायला. वेगळी जागा नव्हती म्हणून ते त्याच गोठ्यात बांधले गेले. त्यातला एक बोकड आल्यापासूनच शिंकत होता. प्रवासाचा शीण आणि पाऊस, असं सगळ्यांनी धरलं.

आठवडाभरात कळपातल्या शेळ्यांची नाकं वाहायला लागली, मग खाणं सुटलं, मग हगवण. मला बोलावलं तेव्हा दोन करडं गेली होती आणि काही शेळ्यांना बाहेरून कुणीतरी अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिलेली होती. पावसाळ्याच्या शेवटी कोकणात शेळ्यांना न्यूमोनिया होतोच, त्यामुळे घरच्यांचा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. पण नुसता न्यूमोनिया तोंड सडवत नाही.

पहिली तपासली ती एक पाट, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण शेळी, वर्षाच्या आतबाहेरची. काकी म्हणाल्या, "डॉक्टरांनू, हिणे काल सांजेपासून तोंडाक घास लावल्यान नाय." ताप १०५.४ अंश फॅरनहाइट. नाकपुड्या घट्ट पिवळ्या शेंबडाने बुजलेल्या, पापण्या चिकटलेल्या, श्वासाला दुर्गंधी. ओठ उलटून पाहिला तर हिरड्यांवर, जिभेखाली आणि गालांच्या आत भिजलेला कोंडा चिकटावा तसा करडा-पांढरा थर होता. गॉजचा बोळा फिरवला की तो थर सुटायचा आणि खाली लाल, उघडी जखम राहायची. खुरांच्या मधे काही नाही, लंगडणं नाही, म्हणून लाळ्या खुरकूत मागे पडला. ओठांवर बाहेरून मावा या विषाणूच्या रोगात येतात तशा जाड खपल्या नव्हत्या. आंत्रविषारात, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगात, जनावर असं दिवसेंदिवस खितपत नाही, झटपट जातं. नाक, डोळे, तोंड, फुफ्फुस आणि आतडं हे पाचही एकाच वेळी, आणि आठवडाभरापूर्वी बाहेरून आलेलं जनावर, एवढं जुळल्यावर पीपीआर हेच नाव पुढे येतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक करडू मेलं, त्याचं शवविच्छेदन तिथेच मागच्या पडवीत केलं. फुफ्फुसांचे पुढचे, खालचे भाग गडद लाल आणि यकृतासारखे घट्ट. मोठ्या आतड्याच्या आतल्या घड्यांवर रक्त साकळून लाल रेघा उमटलेल्या, ज्याला पुस्तकात झेब्र्याचे पट्टे म्हणतात. आतड्याजवळच्या लसीका ग्रंथी सुजलेल्या, ओल्या. नाक-डोळ्यांचे स्वॅब, ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन घातलेल्या नळीतलं रक्त, प्लीहा आणि लसीका ग्रंथीचे तुकडे बर्फावर ठेवून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे रवाना केले. विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत पीपीआर निश्चित झाला. पीपीआर हा २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्याखाली कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे, त्यामुळे संशय आला त्याच दिवशी तालुक्याला कळवलं होतं. निकालाची वाट पाहत कळवणं लांबवू नये.

या विषाणूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं रक्ताचं सगळं त्यातूनच निघतं. तो मॉर्बिलिव्हायरस कुळातला. माणसाचा गोवर, कुत्र्याचा डिस्टेंपर आणि गुरांची बुळकांडी हे त्याचे जवळचे भाऊबंद. बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. पीपीआरसाठी तेच उद्दिष्ट २०३० सालचं आहे. पीपीआरचं पहिलं वर्णन १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधून आलं, आणि भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावी ओळखला गेला. माणसाला तो होत नाही, हे काकींना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कारण घरात लहान मूल होतं.

विषाणू अंगात शिरतो नाका-तोंडावाटे, पण तिथेच थांबत नाही. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर स्लॅम नावाचं एक प्रथिन असतं, ते त्याला दाराच्या कडीसारखं सापडतं. टॉन्सिल आणि लसीका ग्रंथींत तो आधी या पेशींमध्ये वाढतो, त्यांच्यासोबत रक्तात फिरतो, आणि मग नेक्टिन-४ हे दुसरं प्रथिन धरून तोंड, आतडं आणि श्वासमार्गाच्या अस्तरात उतरतो. म्हणजे आपल्याला दिसणारी तोंडातली जखम ही दुसरी पायरी आहे. पहिली लढाई रक्तात आणि ग्रंथींत होऊन गेलेली असते, आणि त्यात रोगाशी लढणाऱ्या पेशीच मारल्या गेलेल्या असतात.

आता रक्ताकडे. पहिला नमुना घाई म्हणून शहरातल्या माणसांच्या लॅबमधल्या यंत्रावर चालवून घेतला. लाल पेशी अशक्यप्राय कमी आणि प्लेटलेट अशक्यप्राय जास्त, असा कागद आला. यंत्र बिघडलेलं नव्हतं. पाळीव जनावरांत शेळीच्या लाल पेशी सगळ्यांत लहान असतात, माणसाच्या पेशीच्या निम्म्या व्यासाच्या. माणसासाठी लावलेलं यंत्र आकार पाहून मोजतं, म्हणून शेळीच्या लाल पेशी ते प्लेटलेटमध्ये जमा करतं. लॅबमधल्या मुलानेच फोन करून "सर, हे काहीतरी वेगळं दिसतंय" म्हटलं, याचं कौतुक वाटलं. तो कागद बाजूला ठेवला आणि केशनळीत रक्त फिरवून पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, काढला. पांढऱ्या पेशी चेंबरमध्ये, म्हणजे आखलेल्या चौकोनांच्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली, हाताने मोजल्या. काचेवर फिल्म ओढून रंगवली. शेळीचं रक्त गुरांच्या रक्तापेक्षा जास्त वेळ फिरवावं लागतं. बारीक पेशींच्या मधे प्लाझ्मा अडकून राहतो आणि घाई केली तर पीसीव्ही खोटाच जास्त येतो.

संदर्भासाठी: निरोगी शेळीचा पीसीव्ही साधारण २२ ते ३८ टक्के, हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ८ ते १२ ग्रॅम, पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ४,००० ते १३,०००, त्यात लिम्फोसाइट निम्म्याहून जास्त.

तापाच्या दुसऱ्या दिवशी असलेल्या त्या पाटीच्या पांढऱ्या पेशी निघाल्या २,९००. त्यात लिम्फोसाइट ३१ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात नऊशेच्या आसपास. केशनळीत लाल थराच्या वर पांढऱ्या पेशींची जी पट्टी दिसते ती शोधावी लागत होती. याच गोठ्यातली एक म्हातारी शेळी, जिला दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरात पीपीआरची लस मिळाली होती, ती शेजारीच उभी राहून फणसाचा पाला खात होती. तिच्या पांढऱ्या पेशी ९,२००, लिम्फोसाइट ५८ टक्के. एकच गोठा, एकच हवा, एकच पाणी. काकींना दोन्ही काचा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या, आणि लस म्हणजे काय हे त्यानंतर सांगावं लागलं नाही.

ज्या बोकडाने रोग आणला, त्याचं रक्त मात्र उलटं बोलत होतं. त्याला लागण होऊन बरेच दिवस झाले होते, ताप उतरला होता, छातीत घरघर होती. पांढऱ्या पेशी १५,८००, न्यूट्रोफिल या जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी, त्यात अपक्व पेशीही. हा कागद एकट्याने वाचला तर कुणीही "जिवाणूंचा न्यूमोनिया, विषाणू नाही" असं म्हणेल. खरं म्हणजे विषाणूने आधी रान मोकळं केलं आणि मग पास्तुरेला, मॅनहेमियासारखे जिवाणू, जे एरवीही नाका-घशात असतात, ते फुफ्फुसात उतरले. लिम्फोसाइट टक्क्यात १३. प्रत्यक्ष आकडा दोन हजारांच्या थोडा वर, म्हणजे निरोगी पातळीच्या तळाशीच. टक्केवारी आणि एकूण आकडा यांचा गुणाकार केल्याशिवाय पीपीआरचं रक्त वाचूच नये असं माझं ठाम मत आहे.

डेक्सामेथासोन मिळालेल्या शेळ्यांचे नमुने मी अर्थ लावताना सोडून दिले. ते औषध स्वतःच लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी खाली आणतं आणि न्यूट्रोफिल वर नेतं, त्यामुळे रक्तात दिसतं ते विषाणूचं की इंजेक्शनचं हे सांगता येत नाही. त्याहून गंभीर म्हणजे, ज्या रोगात प्रतिकारशक्तीच झोपलेली आहे त्यात ते तिला आणखी झोपवतं, आणि उशिराच्या गाभणपणात दिलं तर शेळी गाभडू शकते. ताप पटकन उतरतो म्हणून ते लोकप्रिय आहे. पीपीआरचा संशय असेल तिथे ते देऊ नये.

आता या प्रकरणातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली शेळी. चार वर्षांची, गेल्या वर्षी विकत घेतलेली, लस न झालेली. हगवणीचा चौथा दिवस. मानेवरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती, डोळे खोल गेलेले. मानेच्या शिरेतून रक्त काढताना ते सुईत संथपणे, दाट येत होतं. पीसीव्ही २५, हिमोग्लोबिन ८.४, प्लाझ्मातली प्रथिनं ६.४. प्रत्येक आकडा निरोगी शेळीत खपून जाणारा. पापणीच्या आतला रंगही लाल होता. काकींनी तेच विचारलं: "डोळे तर लालबुंद आसत, मगे तुमी रगात कमी म्हणतास कसा?"

मी तसं म्हणत होतो कारण इतकं पाणी गेलेल्या शेळीचा पीसीव्ही चाळीसकडे जायला हवा होता. रक्तातलं पाणी आटलं की लाल पेशींचा टक्का आपोआप चढतो. शिवाय जनावर पकडापकडीत घाबरलं की प्लीहा आकसून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते, त्यानेही तो चढतो. एवढं सगळं वर ढकलत असताना २५ म्हणजे मुळात रक्त फार कमी. आणि पापणीच्या रंगावर इथे विसंबता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली फामाचा तक्त्याची पद्धत, म्हणजे खालच्या पापणीचा रंग पाहून जंतांमुळे झालेला रक्तक्षय ओळखणं, ही एरवी शेळीपालकासाठी उत्तम आहे. पण पीपीआरमध्ये डोळेच आलेले असतात. दाहामुळे पापणी लाल होते आणि पांढरेपणा झाकला जातो.

रक्त कुठे गेलं होतं याचं उत्तर लेंडी तपासणीत आणि मेलेल्या मोठ्या शेळीच्या चौथ्या पोटात मिळालं: हिमॉन्कस, लाल-पांढऱ्या पिळाचे बारीक जंत. हा जंत रक्त पितो, एक प्रौढ जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर. हजार जंत असतील तर दिवसाला ५० मिलिलिटर. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्त पावणेदोन लिटरच्या आसपास. ऊब आणि ओल मिळाली की त्याच्या अळ्या गवताच्या टोकावर चढतात, आणि आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दोन्ही भरपूर मिळतं. म्हणजे भाद्रपद संपताना कोकणातल्या बऱ्याच शेळ्या आधीच रक्ताने रित्या असतात, आणि नेमका त्या वेळी घाटावरून नवा माल उतरतो.

त्या शेळीला शिरेतून रिंगर लॅक्टेट हे सलाइन दिलं, पण बेताने. फुफ्फुसं आधीच भरलेली आणि खरी प्रथिनं किती हे माहीत नसताना घाईने पाणी भरलं तर ते फुफ्फुसात उतरतं. उरलेलं मीठ-गुळाचं पाणी थोडं थोडं तोंडावाटे. दुसऱ्या दिवशी कातडी ताळ्यावर आली, आणि रक्ताने खरा चेहरा दाखवला: पीसीव्ही १८, हिमोग्लोबिन ६, प्रथिनं ४.५. जबड्याखाली पाणी साचून मऊ सूज उतरली होती. मुलगा घाबरला, सलाइनने बिघडलं असं त्याला वाटलं, आणि तसं वाटणं साहजिक होतं. सूज प्रथिनं कमी असल्याची खूण होती. ती आदल्या दिवशीही असती, फक्त सुजायलाही अंगात पाणी नव्हतं.

इथून उपचाराची दिशा बदलली. हिमॉन्कसवर चालणारं जंतनाशक त्याच दिवशी दिलं, "आधी आजार बरा होऊ दे, मग जंत बघू" असं म्हटलं नाही. शेळीचं यकृत बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, त्यामुळे मेंढीचा डोस तिला अपुरा पडतो. मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळ्यांना अल्बेंडाझोल टाळलं, कारण पहिल्या महिन्यात ते गर्भाला बाधतं. रक्त चढवायची तयारी ठेवली होती, त्या म्हाताऱ्या लसवाल्या शेळीचंच. पीसीव्ही आणखी घसरला असता तर दिलं असतं. गरज पडली नाही.

बाकी उपचार नेहमीचे. विषाणूवर थेट चालणारं औषध नाही. दुय्यम जिवाणूंसाठी लांब पल्ल्याचं ऑक्सिटेट्रासायक्लिन, तोंड फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटने धुऊन बोरोग्लिसरीन, भाताची पातळ पेज, कोवळा पाला. करडांच्या लेंडीत कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी उसळलेले होते, हेही लिम्फोसाइट पडल्याचंच फळ, त्यांचा वेगळा उपचार केला. झापं काढून गोठा उघडा केला. हा विषाणू जनावराबाहेर फार टिकत नाही. ऊन, वारा, साबणाचं पाणी यांना तो हार जातो. बंद, ओल्या गोठ्यात मात्र एका शेळीची शिंक दुसरीच्या नाकात जाते.

लसीबद्दल मुलाचा आग्रह होता की आजच सगळ्यांना टोचा. आजारी कळपात ती टोचली नाही. लागण झालेल्याला लसीचा फायदा नाही, आणि एकच सुई फिरली तर लसीकरणच रोग पसरवतं. लस दिली ती आजूबाजूच्या वाड्यांतल्या निरोगी शेळ्यांना, बाहेरून आत येत, प्रत्येक जनावराला वेगळी सुई. आपल्याकडची सुंगरी/९६ ही लस उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या संशोधनातून आली. कातडीखाली १ मिलिलिटर, आणि संरक्षण निदान तीन वर्षांचं. बर्फाची साखळी तुटली तर मात्र ती नुसतं पाणी. ती विरघळवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीत शिबिर लावताना शेळ्या चरायला सोडण्याआधी सकाळीच लावावं.

कळपातल्या तेवीसपैकी चौदा आजारी पडल्या, सहा मेल्या, त्यात चार करडं. दोन शेळ्या गाभडल्या. पूर्वी लस झालेल्यांपैकी एकही आजारी पडली नाही. एवढं नुकसान एका अशा घराचं, जिथे शाळेची फी आणि चतुर्थीचा खर्च बोकडावर निघतो. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि तरीही ती विकत आणलेल्या जनावरांपर्यंत पोचत नाही, कारण विकत आणलेलं जनावर कुणाच्याच यादीत नसतं. शिबिराच्या दिवशी ते दुसऱ्याच जिल्ह्यात असतं. मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त हे लागून राहिलं.

महिन्याभराने पुन्हा रक्त घेतलं. पाटीच्या पांढऱ्या पेशी ७,४००, लिम्फोसाइट निम्म्याच्या वर. पीसीव्ही १८ वर गेलेली शेळी २४ वर आली होती, जबड्याची सूज नाही, आणि हा २४ मात्र खरा होता, कारण चिमटीतून सोडलेली कातडी लगेच जागेवर बसत होती आणि पापणीची लाली ओसरून खरा फिकट गुलाबी रंग दिसत होता. ती पुन्हा माजावर आली.

आजारातून उठलेल्या शेळ्यांना आता पीपीआरची लस लागणार नाही, त्यांची प्रतिकारशक्ती आयुष्यभर पुरते. त्यांच्या चिकातून करडांनाही काही महिने संरक्षण मिळेल, पण त्याच काळात टोचलेली लस आईच्या प्रतिपिंडांमुळे वाया जाते. म्हणून येणाऱ्या करडांना चार महिने पूर्ण झाल्यावरच टोचायचं ठरलंय, आणि जन्मतारखा काकींनी गोठ्याच्या दारामागे खडूने लिहायला घेतल्या आहेत. नवीन जनावर आणलं तर ते तीन आठवडे घरापासून वेगळ्या असलेल्या मांगराकडे, वेगळ्या भांड्यात पाणी, आणि तिथे पाला टाकणाऱ्याने गोठ्यात येण्याआधी हातपाय धुवायचे.